रूळ उचलले, पण वाट विकली नाही

१७ मे १९७३. दक्षिण फ्रान्समधलं माझामे नावाचं गाव. वस्ती साडेसोळा हजारांच्या आसपास. त्या दिवशी ठरल्या वेळी गावातली माणसं घराबाहेर आली आणि रस्त्यावर आडवी झाली. दुकानदार, कारखान्यातले कामगार, शाळेची पोरं, म्हातारी माणसं. जो जिथं होता तिथंच, डांबरावर. टीव्हीचे कॅमेरे लावलेलेच होते. काही मिनिटं सगळं गाव मेल्यागत पडून राहिलं.

कारण असं की, आदल्या वर्षी, म्हणजे १९७२ मध्ये, फ्रान्सच्या रस्त्यांवर अपघातात सोळा हजारांहून जास्त माणसं गेली होती. सोळा हजार हा आकडा कुणाच्या डोक्यात शिरत नाही. पेपरात छापा, रेडिओवर सांगा, माणूस चहा पीत ऐकतो आणि विसरतो. म्हणून टीव्हीवाल्यांनी तेवढ्याच वस्तीचं एक गाव शोधलं आणि देशाला दाखवलं की हे बघा, एवढं आख्खं गाव वर्षभरात गेलं. त्याच वर्षी जुलैपासून गावाबाहेरच्या रस्त्यांवर गाडीच्या पुढच्या सीटला पट्टा सक्तीचा झाला आणि वेगालाही मर्यादा आल्या. आज तिथं वर्षाला तीन-सव्वातीन हजार माणसं जातात. वाहनं तेव्हापेक्षा कितीतरी वाढलीत, हे लक्षात घेऊन हा आकडा वाचा.

मला या गोष्टीचा हेवा वाटतो, खरं सांगतो. वीसेक वर्षं तालुक्याच्या गावातून बातम्या पाठवतोय. सायकलवाल्याला ट्रकनं उडवलं, ही बातमी किती वेळा लिहिली त्याचा हिशेब ठेवलेला नाही. सिंगल कॉलम, चार ओळी, ‘अज्ञात वाहनाच्या धडकेत’. मेलेल्याचं नाव तरी नीट छापून यावं एवढीच धडपड. आपल्या महाराष्ट्रात आजच्या घडीला दर वर्षी पंधरा हजारांच्या आसपास माणसं रस्त्यावर मरतात. म्हणजे एक माझामे, दर वर्षी. आपल्याकडे कोणतं गाव झोपणार?

पण मंडळी, आजची पोस्ट अपघातांवर नाही. त्याच माझामे गावातून निघणाऱ्या एका वाटेवर आहे. हे गाव दोन कारणांनी माझ्या डोक्यात बसलंय. एक तो १७ मे. दुसरं कारण म्हणजे, तुलूझहून येणारी रेल्वे आज माझामेला संपते, आणि जिथं रेल्वे संपते तिथून पुढं जुन्या रुळांच्या जागेवरून सायकलची वाट सुरू होते. पाऊणशे-ऐंशी किलोमीटर, थेट बेदारिय गावापर्यंत. नाव ‘पासा पाईस’. तिकडच्या ऑक्सितान बोलीतलं नाव आहे, मुलुखातून जाणारी असा साधारण अर्थ. तिच्यावर मोटार नाही, मोटारसायकल नाही. सायकलवाले, चालणारे, घोड्यावरचे, चाकाच्या खुर्चीतले, एवढेच.

मी फ्रान्सला गेलेलो नाही. पासपोर्टसुद्धा अजून कोरा आहे. पण नकाशे बघत आणि वाचत वाचत या वाटेमागं लागलो, आणि लक्षात आलं की ही सायकलची गोष्ट नाहीच. ही जमिनीची गोष्ट आहे. म्हणून लिहितोय.

आधी रेल्वे. माझामेचा धंदा लोकरीचा. धंदाही नेहमीचा नाही. अर्जेंटिना, ऑस्ट्रेलिया अशा लांबच्या देशांतून मेंढ्यांची कातडी यायची, इथल्या नदीच्या पाण्यात भिजवून त्यावरची लोकर वेगळी काढायची, लोकर एकीकडे, कातडं दुसरीकडे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून या एका कामात हे गाव जगात पुढं होतं. डोंगरातलं आडगाव, पण त्याचे व्यवहार ब्यूनस आयर्सशी. अशा गावाला रेल्वे पाहिजेच होती आणि ती आली. मग तीच पुढं डोंगर ओलांडून बेदारियपर्यंत गेली.

ही लाईन जिथून जाते तो मुलूख आपल्या घाटमाथ्यासारखा आहे. लाबास्तीद-रुएरू हे कापड विणणाऱ्यांचं गाव गेलं की एक बोगदा लागतो. बोगद्याच्या अलीकडचं पाणी तोरे नदीतून फिरत फिरत शेवटी गारोन नदीत आणि अटलांटिक महासागरात जातं. पलीकडचं पाणी जोर नदीतून ओर्ब नदीत आणि तिथून भूमध्य समुद्रात. म्हणजे अंधारात शिरताना एका समुद्राच्या मुलखात आणि उजेडात येताना दुसऱ्या. सायकलवर बसून, धाप न लागता. धाप का लागत नाही तेही सांगतो. वाफेचं इंजिन मोठा चढ चढू शकत नाही. त्यामुळं रेल्वे बांधणाऱ्या इंजिनिअरनं डोंगर फोडला, दरीवर पूल टाकला, वळसे घेतले, पण चढ शंभर मीटरला दोन-तीन मीटरच्या वर जाऊ दिला नाही. त्यानं हे इंजिनासाठी केलं. सव्वाशे वर्षांनी त्याचा फायदा गुडघेदुखीच्या माणसाला होतोय.

आता प्रश्न असा की एवढ्या आडबाजूच्या गावांना रेल्वे दिली कोणी? इथं एक माणूस येतो, शार्ल द फ्रेसिने. मूळचा इंजिनिअर, १८७७ च्या शेवटी सार्वजनिक बांधकाम मंत्री झाला, पुढं चार वेळा पंतप्रधान. १८७० च्या युद्धात फ्रान्सनं प्रशियाकडून मार खाल्लेला, राजेशाही परत आणू पाहणारे अजून जोरात, आणि नवं प्रजासत्ताक खेड्यापाड्यातल्या शेतकऱ्याला आपलंसं करायला निघालेलं. त्याला आपलंसं करायचं कसं? शाळा द्यायची आणि रेल्वे द्यायची. १७ जुलै १८७९ च्या कायद्यात १८१ नव्या लाईनींची यादी आली, एकूण आठ हजार आठशे किलोमीटरच्या घरात. धोरण असं, की प्रत्येक उपविभागाच्या गावाला, आपल्या भाषेत प्रांत ऑफिस असलेल्या गावाला म्हणू, रेल्वे मिळालीच पाहिजे.

या यादीत आपलं गाव यावं म्हणून कोणी कोणाचे उंबरे झिजवले असतील याची कल्पना आपल्या लोकांना करून द्यायला नको.

पैशाचं गणित अर्थात कच्चं होतं. रेल्वेच्या मोठ्या कंपन्या फायद्याच्या लाईनी घेऊन बसलेल्या, तोट्याच्या कोण घेणार? मग १८८३ मध्ये सरकारनं त्यांच्याशी करार केले, की तुम्ही बांधा, चालवा, तोट्याला आम्ही आहोत. शिवाय जिल्ह्यांनी आपापल्या हिमतीवर टाकलेल्या छोट्या लाईनी वेगळ्या, बऱ्याच मीटरगेजच्या, कित्येक तर रस्त्याच्या कडेनंच धावणाऱ्या. पहिल्या महायुद्धापर्यंत अशी अवस्था आली की फ्रान्सच्या खेड्यात उभं राहून कुठंही तोंड करा, दोन-चार कोसांवर एखादं स्टेशन होतं. फाटकाशेजारी छोटं घर, घरात गँगमनचं कुटुंब. नवरा रुळावर कामाला आणि फाटक उघडायला-लावायला बायको. रात्री-बेरात्री गाडी आली की पोरं झोपवून कंदील घेऊन तिनंच बाहेर यायचं. त्या घरांचे दगडी सांगाडे आजही वाटेवर दर थोड्या अंतरावर दिसतात. बरीचशी विकली गेलीत, कोणी सुट्टीचं घर केलंय, कोणी फुलझाडं लावलीत.

मग मोटार आली. बसनं आधी प्रवासी नेले, ट्रकनं माल नेला. १ जानेवारी १९३८ रोजी सगळ्या मोठ्या कंपन्या एकत्र करून एसएनसीएफ ही राष्ट्रीय रेल्वे झाली, आणि लगेचच ‘रेल्वे आणि रस्ता यांचा समन्वय’ या गोड नावाखाली हजारो किलोमीटरवरच्या प्रवासी गाड्या बंद करण्यात आल्या. समन्वय हा शब्द सरकारी कागदात दिसला की माझ्या पोटात गोळा येतो, तो यामुळंच. युद्धानंतर पन्नास, साठ, सत्तरच्या दशकांत आणखी बंद झाल्या. क्रम ठरलेला. आधी फेऱ्या कमी करायच्या, मग प्रवासी कमी झाले म्हणायचं, मग प्रवासी गाडी बंद, मालगाडी चालू. मग मालगाडीही बंद. मग एक दिवस भंगारवाले येऊन रूळ घेऊन जातात. उरते खडी, आणि दोन-तीन वर्षांत तिच्यावर बाभळीसारखी काटेरी झुडपं.

सायकलची बाजू याच काळात समांतर चाललेली. सायकलनं देश फिरायचा, शर्यतीसाठी नाही तर बघण्यासाठी, हा विचार फ्रान्समध्ये रुजवणाऱ्यांत पॉल द विवी याचं नाव सगळ्यात वर. टोपणनाव वेलोसिओ. जन्म १८५३. आधी रेशमाच्या धंद्यात होता, मग सेंत-एतियेन गावात सायकलचं दुकान काढलं आणि १८८७ मध्ये ‘ल सिक्लिस्त’ हे मासिक सुरू केलं. म्हणजे आमच्याच जातकुळीतला, छापखान्याच्या शाईत हात काळे केलेला. शाकाहारी, एस्परांतो भाषेचा भोक्ता, सायकलला गिअर असावेत म्हणून भांडणारा. तेव्हा शर्यतवाले गिअरला हसायचे. तूर द फ्रान्समध्ये गिअर बदलणाऱ्या यंत्रणेला १९३७ पर्यंत परवानगी नव्हती. मर्दानगीची परीक्षा ना! वेलोसिओ म्हणायचा की सायकल सामान्य माणसाची आहे, त्याला घाट चढता आला पाहिजे. १९३० मध्ये, सत्तरी ओलांडलेला असताना, आपल्याच गावात रस्त्यावर ट्रामची धडक बसून तो गेला.

त्यानंतर सहा वर्षांनी, जून १९३६ मध्ये, लेऑं ब्लूम यांच्या आघाडी सरकारनं कामगारांना दोन आठवड्यांची भरपगारी सुट्टी कायद्यानं दिली. आधी लाखो कामगारांनी समुद्र पाहिलेला नव्हता. मंत्रिमंडळातल्या लेओ लाग्रांज यांनी रेल्वेच्या तिकिटात ४० टक्के सवलत मिळवून दिली. आणि ज्यांना तिकीटही परवडेना ते सायकलवर निघाले, पुष्कळ जोडपी दोन सीटच्या टँडम सायकलवर. त्या उन्हाळ्याचे फोटो प्रसिद्ध आहेत. नवरा पुढं, बायको मागं, कॅरिअरला तंबू, दोघं हसतायत, आणि मागचा रस्ता रिकामा. फोटो बघताना आधी हसू दिसतं. दुसऱ्यांदा बघाल तर तो रिकामा रस्ता दिसेल. त्या काळात सायकलसाठी वेगळी वाट मागायची गरज नव्हती, कारण सगळेच रस्ते जवळपास सायकलचे होते. पस्तीस-छत्तीस वर्षांत तोच रस्ता वर्षाला सोळा हजार माणसं खाऊ लागला.

म्हणजे बघा, गावाची रेल्वे मोटारीमुळं गेली, आणि गावाच्या सायकलीचा रस्ताही मोटारीमुळंच गेला. दोघांची भेट व्हायला मात्र १९९७ साल उजाडलं.

जागा बर्गंडी, जिल्हा सोन-ए-लुआर. जिव्री ते क्लुनी ही बंद पडलेली लाईन. जिल्ह्यानं तिच्या जागेवर डांबराची गुळगुळीत वाट केली, ४४ किलोमीटर, द्राक्षमळ्यांच्या कडेनं. फ्रान्समधली अशी ही पहिली वाट म्हणतात. फ्रेंचांनी तिला नाव दिलं ‘व्वा व्हेर्त’, हिरवी वाट. कल्पना काही त्यांची नव्हती. अमेरिकेत बंद लाईनींच्या पायवाटा आधीच झाल्या होत्या, इंग्लंडात ब्रिस्टल ते बाथ ही जुनी लाईन ऐंशीच्या दशकात सायकलची झाली, स्पेननं १९९३ मध्ये अशा वाटांचा सरकारी कार्यक्रमच काढला. फ्रान्स उशिरा आला. पण १९९८ मध्ये राष्ट्रीय आराखडा आला आणि १६ सप्टेंबर २००४ च्या आदेशानं ‘हिरवी वाट’ थेट वाहतूक नियमावलीत गेली. व्याख्या एका ओळीची: इंजिन नसलेली वाहनं, पायी जाणारे आणि घोडेस्वार यांच्यासाठीच राखलेला रस्ता. एका ओळीच्या व्याख्येला कमी लेखू नका. तोवर ही वाट कायद्याच्या नजरेत धड रस्ता नव्हती, धड पायवाट नव्हती. आता ती रस्ता झाली, आणि त्या रस्त्यावर मोटार घालणारा गुन्हेगार.

या क्लुनी गावातच मला या सगळ्या गोष्टीचं मर्म सापडलं. तिथं इ.स. ९१० मध्ये एक मठ स्थापन झाला. त्याचं तिसरं चर्च १०८८ मध्ये बांधायला घेतलं, आणि रोमचं आजचं सेंट पीटर्स उभं राहीपर्यंत ख्रिस्ती जगात त्याहून मोठं चर्च नव्हतं. मग क्रांती झाली. मठ सरकारजमा झाला, १७९८ मध्ये विकला गेला. घेणाऱ्यांनी सरळ चर्चच्या मधोमध रस्ता काढला, दोन्ही बाजूंनी सुरुंग लावले आणि दगड विकायला सुरुवात केली. पंचवीसेक वर्षं हे चाललं. आख्ख्या पंचक्रोशीत घरांच्या भिंतींना मठाचे दगड लागले. आज तिथं एक बाजू आणि अष्टकोनी मनोरा उभा आहे, बाकी नवनिर्माणाची चित्रं बघून कल्पना करायची.

त्याच गावातून जाणारी रेल्वे लाईनही बंद पडली. तीही सरकारी मालमत्ता, तीही निकामी झालेली, तिलाही गिऱ्हाईकं होतीच. पण ती तुकड्यांत विकली गेली नाही, आणि म्हणून तिची वाट होऊ शकली. मठाचा एक दगड गेला तरी मठ उरतो. वाटेचं तसं नाही. ४४ किलोमीटरमधले दोनशे मीटर कोणी विकत घेऊन त्यावर गोदाम बांधलं तर वाट संपली. लांबच लांब अरुंद पट्टी, रुंदी जेमतेम दहा-पंधरा मीटर, तिचं सगळं मोल तिच्या अखंड असण्यात.

फ्रान्समध्ये ती अखंड राहायला कायद्याची मदत झाली. तिकडच्या कायद्यात सार्वजनिक मालमत्ता विकता येत नाही, आणि कितीही वर्षं वहिवाट केली तरी ती खाजगी होत नाही. रेल्वेची गाडी बंद झाली, रूळ उचलले, तरी जागा लगेच मोकळी होत नाही. ती सार्वजनिक मालमत्तेतून बाहेर काढण्यासाठी वेगळा आदेश लागतो आणि त्याशिवाय विक्री नाही. पुष्कळ ठिकाणी तो आदेश निघालाच नाही. चांगल्या हेतूनं नाही बरं का, दिरंगाईनं. फाईल पडून राहिली म्हणून जमीन वाचली! सरकारी दिरंगाईचं हे एवढं एकच कौतुक मी आयुष्यात करीन.

आणखी एक सोय आहे, ती मला फार शहाणपणाची वाटते. जागा विकत न घेताही जिल्हा परिषदेला तिची व्यवस्था आपल्याकडे घेता येते. मालकी रेल्वेची, सांभाळ जिल्ह्याचा. उद्या रेल्वेला गाडी सुरू करायची झाली तर जागा परत मागता येते. म्हणजे सायकलवाले तिथं राखणदार.

सगळीकडे असं गोड झालं असं मात्र नाही. ज्या लाईनींचे तुकडे आधीच विकले गेले होते तिथं वाट मध्येच तुटते. छान सावलीतून चाललेला सायकलवाला अचानक ट्रकच्या रस्त्यावर येऊन पडतो, दोन-तीन किलोमीटर जीव मुठीत धरून चालवतो, मग पुन्हा वाट सापडते. कुठं शेतकऱ्यानं पट्टी शेतात घेतलेली, कुठं गावाचा बायपास तिच्यावरूनच गेलेला. मोटारसायकली येऊ नयेत म्हणून तोंडाशी लावलेल्या लोखंडी अडथळ्यांत मागं डबा जोडलेली सायकल आणि अपंगांची तीनचाकी अडकते, ही तिकडची नेहमीची तक्रार.

मोठं भांडण वेगळंच आहे, आणि त्यात मी कोणाच्या बाजूनं आहे हे मला अजून ठरवता आलेलं नाही. रेल्वे परत यावी म्हणून लढणारी माणसं फ्रान्समध्ये आहेत. त्यांचं म्हणणं, की एकदा डांबर टाकलं, लहान पोरं तिथं सायकल शिकली, स्टेशनात कॅफे निघालं, की मग रूळ परत टाकायला कोण जाणार? कागदावर जागा परत मिळते, पण माणसांच्या मनातून मिळत नाही. खेड्यातल्या म्हातारीला दवाखान्यात जायला गाडी पाहिजे, तिला शहरातून येणाऱ्या पर्यटकाची सायकल काय कामाची? प्रश्न खोटा नाही. उलट बाजूचे म्हणतात, वाट केली नसती तर आतापर्यंत पट्टी गिळली गेली असती आणि रेल्वेचं स्वप्न बघायलाही जागा उरली नसती. तेही खोटं नाही. आणि एक गंमत अशी की क्लुनीजवळून फ्रान्सची पहिली अतिवेगवान रेल्वे जाते, पॅरिस ते लिऑन, १९८१ पासून. गावाची रेल्वे नको झाली होती, आणि गावाशेजारून जाणारी परवडत होती.

कालव्यांबद्दल न लिहिता पुढं गेलो तर जाणकार मला सोडणार नाहीत. फ्रान्सच्या मोटारमुक्त वाटांचा मोठा हिस्सा कालव्यांच्या काठचा आहे. होडी ओढणारे घोडे ज्या काठानं चालायचे ती सपाट वाट आता सायकलीची. मिदी कालवा त्यात मानाचा. पिएर-पॉल रिके या मिठाचा कर वसूल करणाऱ्या माणसानं तो मनावर घेतला, चौदाव्या लुईनं १६६६ मध्ये हुकूम काढला, १६८१ मध्ये कालवा खुला झाला आणि रिके काही महिने आधीच वारला होता. तुलूझपासून समुद्राजवळच्या तो सरोवरापर्यंत २४० किलोमीटर. काठच्या हजारो चिनार झाडांना बुरशीचा रोग लागला, २००६ मध्ये तो कालव्यावर आढळला, तेव्हापासून ती सावली कापली जातेय आणि नवी झाडं लावली जातायत. ही बुरशी दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैन्याच्या दारूगोळ्याच्या लाकडी पेट्यांतून आली असं मानतात. पण कालव्याची मालकी कधी धोक्यात नव्हती, कारण त्यात पाणी होतं. पाण्यावर अतिक्रमण करायला वेळ लागतो. कोरड्या खडीवर एका रात्रीत होतं.

म्हणून मला रेल्वेच्या पट्टीचीच गोष्ट सांगायची होती. क्लुनीहून ही वाट पुढं माकाँकडे नेली गेली, तेव्हा मध्ये ब्वा क्लेर नावाचा बोगदा आला, दीड किलोमीटरहून जास्त लांब. त्यात दिवे लावले. पण गाडी बंद असलेल्या काळात बोगद्यात वटवाघळं राहायला आली होती. मग ठरलं, की हिवाळ्यात बोगदा वटवाघळांचा, उन्हाळ्यात सायकलवाल्यांचा. थंडीत जाणाऱ्यानं वरून खिंडीचा रस्ता घ्यायचा आणि घाम गाळायचा. अजून तसंच चालतं.

आता आमच्याकडची गोष्ट, थोडक्यात. आमच्या वऱ्हाडात शकुंतला होती. यवतमाळ–मूर्तिजापूर आणि मूर्तिजापूर–अचलपूर, दोन्ही मिळून १९० किलोमीटरच्या आसपास नॅरोगेज. माझामेची रेल्वे लोकरीसाठी, आमची कापसासाठी. किलिक-निक्सन कंपनीनं वऱ्हाडातला कापूस मुंबईमार्गे मँचेस्टरला पोचवायला घातलेली. गेली काही वर्षं गाडी बंद आहे. ब्रॉडगेज व्हावी ही मागणी आहे, आणि झाली तर पहिलं तिकीट मी काढीन. माझी आजी त्या गाडीनं माहेरी जायची, शेतात काम करणारा ओळखीचा दिसला की खिडकीतून बोलून घ्यायची, एवढी ती सावकाश. पण ब्रॉडगेज होईपर्यंत, किंवा न झाल्यास, ती १९० किलोमीटरची पट्टी आज कुठं किती रुंद आहे, कुठं पराटी लागलीय, कुठं टपरी, कुठं पक्कं बांधकाम, याची गावनिहाय मोजणी कोणी बघितलीय का? मी विचारायला गेलो होतो. एका ऑफिसनं दुसऱ्याकडे पाठवलं, दुसऱ्यानं पहिल्याकडे. माहिती अधिकाराचा अर्ज टाकलाय.

ज्यांची शेतं लाईनीला लागून आहेत त्यांनी आपल्या गावाजवळचा आजचा फोटो कमेंटमध्ये टाका, गावाचं नाव लिहून. घरात स्टेशनाचा किंवा गाडीचा जुना फोटो असेल तर तोही टाका. मूर्तिजापूरपासून क्रमानं लावून बघू, कुठं कुठं तुटलीय ते.